घरदुरुस्तीसाठी भरवशाचा कॉन्ट्रॅक्टर कसा शोधायचा: जो झाकायच्या आधी बघू देतो तो

आमच्या बाथरूमची गळती तीनदा दुरुस्त झाली. पहिला आला त्याने टाइल्सच्या फटीत पांढरं सिमेंट भरलं आणि गेला. दुसऱ्याने अख्खी फरशी उखडली, वॉटरप्रूफिंग केलं म्हणाला, पण मी संध्याकाळी घरी आले तोवर वर नवीन टाइल्स बसल्यासुद्धा होत्या, त्यामुळे खाली नक्की काय केलं (किंवा केलं की नाही) ते मला आजपर्यंत माहीत नाही. चार महिन्यांनी खालच्या घराच्या छताला परत ओल आली. तिसरा जो माणूस आला त्याने पहिल्या दिवशी कशालाच हात लावला नाही, नुसते प्रश्न विचारले. ओल रोज वाढते की फक्त आंघोळीनंतर? घर बंद करून बाहेरगावी गेला होतात तेव्हा वाळली होती का? वाळली होती, हे मला तेव्हा आठवलं. म्हणजे नळाच्या पाइपात गळती नाही, सांडपाण्याच्या बाजूला आहे, आणि निघालंही तसंच, नहाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या जाळीखाली सांडपाणी जातं त्या भागाचा) जॉइंट सुटला होता. काम झाल्यावर त्याने फोन केला, "ताई, उद्या टाइल्स लावतोय, आज येऊन खालचं बघून जा."

त्या एका फोनमुळे मला कळलं की भरवशाचा माणूस म्हणजे काय. घरदुरुस्तीचं कामच असं असतं की खरं काम शेवटी झाकलं जातं, पाइप भिंतीत जातो, वायर प्लास्टरखाली, वॉटरप्रूफिंग टाइल्सखाली, आणि आपल्याला दिसतं ते फक्त वरचं फिनिशिंग. तेव्हा जो माणूस झाकायच्या आधी बघू देतो, स्वतःहून बोलावतो, तो शोधायचा. कसा शोधायचा ते आता एकेक करून सांगते, लेख लांबलाय पण घाईत काम देऊन नंतर परत तोडफोड करण्यापेक्षा अर्धा तास वाचलेलं बरं.

पहिलं काम: दुखणं काय आहे ते आधी स्वतः बघा

कॉन्ट्रॅक्टरला फोन करायच्या आधी निदान आठवडाभर घराकडे नीट बघा. आपण बहुतेक वेळा उपाय ठरवून मोकळे होतो, "भिंतीला पुट्टी मारून रंग द्यायचाय" असं सांगतो आणि समोरचा पुट्टी मारून रंग देतो, आणि सहा महिन्यांत पोपडे परत येतात कारण ओल कुठून येते ते कुणी बघितलंच नव्हतं. म्हणून सांगताना त्रास काय होतो ते सांगायचं, उपाय त्याला सुचवू द्यायचा.

ओल असेल तर एक साधी तपासणी घरीच करता येते. प्लास्टिकचा दीड-दोन फुटांचा चौकोनी तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. पाणी खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतली वाफ थंड भिंतीवर धरतेय, तिथे हवा खेळती करायला हवी. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमलं तर ओल भिंतीतून येतेय.

गळतीचं वर सांगितलंच, ठिबकणं सतत चालू असेल तर प्रेशरच्या, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या पाइपावर संशय घ्या, फक्त वापरल्यावर येत असेल तर ड्रेनेजवर किंवा फरशीवर. पाण्याचा मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करा, टाकी भरणं बंद करा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा, दोन तासांनी आकडा पुढे गेला असेल तर कुठेतरी पाइप गळतोय.

भेगांचं जरा नीट ऐका. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगा बऱ्याचदा फक्त प्लास्टरच्याच असतात. पण तिरकी भेग, दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वर जाणारी, किंवा वाढत चाललेली भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि महिन्याभराने परत बघा. पुढे सरकली असेल किंवा ५ मिलीमीटरपेक्षा रुंद असेल तर कॉन्ट्रॅक्टरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. स्लॅबमधून सळई दिसत असेल, गंजाचे तांबूस डाग येत असतील, तुकडे पडत असतील तरी तेच करा. गंजलेली सळई फुगते, गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो, त्यामुळे वरून सिमेंट थापून चालत नाही, सैल झालेलं सगळं काढावं लागतं, सळई घासून साफ करून मग भरावं लागतं. जो माणूस हे बघून "काही नाही, प्लास्टर करून टाकू" म्हणतो त्याला तिथेच नमस्कार करायचा. बीम, कॉलम किंवा भार घेणारी भिंत यांना हात लावायचा असेल तर इंजिनिअरशिवाय अजिबात नाही, ही गोष्ट मी मनापासून सांगतेय, इथे पैसे वाचवू नका.

मग एक कागद करा

त्रास कुठे आहे, कुठल्या खोलीत, किती लांबी-रुंदी, काय ठेवायचं, काय बदलायचं, माल कोण आणणार, काम कधीपर्यंत हवं, घरात माणसं राहणार की घर रिकामं देणार. एक पान पुरतं. सोबत फोटो. हा कागद प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरला सारखाच द्यायचा, कारण एकाला तोंडी एक सांगितलं आणि दुसऱ्याला दुसरं, की मग त्यांच्या दरांची तुलनाच होऊ शकत नाही आणि आपण नुसता खालचा आकडा बघून ठरवतो. या कागदाचा अजून एक फायदा म्हणजे लिहिताना आपल्यालाच कळतं की आपण काय काय ठरवलेलंच नाहीये, आणि मध्येच वाढणाऱ्या खर्चात मोठा वाटा याच न ठरवलेल्या गोष्टींचा असतो.

नावं कुठून मिळवायची

ओळखीतल्यांना विचारा हे सगळेच सांगतात, पण काय विचारायचं ते महत्त्वाचं. "कुणी चांगला आहे का" असं विचारलं की समोरचा एक नंबर देतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा असं विचारा: तुमचं काम होऊन किती दिवस झाले? नंतर काही बिघडलं का, आणि बिघडल्यावर तो परत आला का? मागच्या महिन्यात झालेल्या वॉटरप्रूफिंगची तारीफ काही कामाची नाही, निदान एक पावसाळा त्यावरून गेलेला हवा.

दुसरा रस्ता मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, तो म्हणजे एका कारागिराला दुसऱ्याबद्दल विचारणे. तुमचा इलेक्ट्रिशियन चांगला असेल तर त्याला विचारा, तुझ्या स्वतःच्या घरचं प्लंबिंग कुणाला देशील. ही माणसं एकाच साइटवर एकमेकांच्या मागे काम करतात, कुणी झिरी (पाइप-वायरसाठी भिंतीत कापलेली खाच) नीट मारली आणि कुणी दुसऱ्याची वायर तोडून तशीच बुजवली ते त्यांना माहीत असतं. हार्डवेअर आणि प्लंबिंगचा माल विकणाऱ्या दुकानदारालाही विचारा, कुठला मिस्त्री चांगला माल मागतो आणि कोण सारखं "स्वस्तातलं दे" म्हणतो ते तो रोज बघतो. फक्त तो कमिशनवर नावं देत नाही ना एवढं बघा, दोन-तीन वेगळ्या दुकानांतून तेच नाव आलं तर चांगली खूण.

ऑनलाइन रिव्ह्यू वाचायचे तर पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले बाजूला ठेवून आधी तीन स्टारवाले वाचा, त्यात लोक बरं आणि वाईट दोन्ही लिहितात. एकाच आठवड्यात आलेले, एकाच साच्याचे दहा रिव्ह्यू असतील तर सोडून द्या. तक्रारीला त्याने उत्तर काय दिलंय ते नक्की बघा.

आणि दारावर येऊन "शेजारीच काम चालू आहे, माल उरलाय, आजच करून देतो" म्हणणारा, किंवा "तुमचं छत धोकादायक आहे" असं घाबरवणारा, याला काम देऊ नका. आज ठरवलं तरच हा दर असं कुणी म्हणालं की मी सरळ नाही म्हणते.

फोन, आणि पहिली भेट

चार-पाच नावांना फोन करा, त्यातल्या तिघांना घरी बोलवा. फोनवर एवढंच विचारायचं की अशा प्रकारचं काम तुम्ही नेहमी करता का, बघायला कधी याल, आणि सध्या किती साइट चालू आहेत. नवीन घरं बांधणारा माणूस जुन्या बाथरूमच्या दुरुस्तीत चांगला असेलच असं नाही, नवीन बांधकाम आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामं आहेत, दुरुस्तीत भिंत उघडल्याशिवाय आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं आणि तिथे अनुभव लागतो.

तो घरी आला की तुम्ही कमी बोला. बघा तो काय करतो. टेप काढून मोजमाप घेतो का, टाइल ठोकून पोकळ वाजते का ते बघतो का, वरच्या किंवा पलीकडच्या बाजूला काय आहे ते विचारतो का, घर किती जुनं आहे विचारतो का. जो दारातूनच नजर टाकून आकडा सांगतो तो एकतर बराच जास्त सांगतोय किंवा नंतर वाढवणार आहे. "हे आत्ता सांगता येणार नाही, थोडं उघडून बघावं लागेल" असं म्हणणारा माणूस ऐकायला नको वाटतो, आपल्याला पक्का आकडा हवा असतो, पण अनेकदा तोच खरं बोलत असतो.

मी पहिल्या भेटीत एक प्रश्न सगळ्यांना विचारते: यात काय चुकू शकतं? चांगला माणूस लगेच दोन-तीन गोष्टी सांगतो, जुना पाइप हलवला तर पुढचा जॉइंट सुटू शकतो, टाइल्सचा तोच रंग मिळणार नाही, धूळ शेजारच्या खोलीत जाईल वगैरे. "काही चुकत नाही, तुम्ही निवांत राहा" हे उत्तर मला नको असतं.

साइटवर खरंच काम कोण करणार तेही तिथेच विचारून घ्या. बऱ्याचदा बोलायला येणारा एक असतो आणि काम दुसऱ्याच टोळीला दिलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, पण रोज साइटवर कोण असेल, त्याचं नाव आणि नंबर, आणि मोठा कॉन्ट्रॅक्टर दिवसातून किती वेळा येणार हे कळायला हवं. विजेचं आणि गॅसचं काम असेल तर तुमच्या भागात जे लायसन्स लागतं ते त्याच्याकडे आहे का बघा, नुसतं कार्ड बघू नका, नंबर घेऊन जे ऑफिस लायसन्स देतं तिथे खात्री करा. उंचावरचं काम असेल तर मजुरांचा विमा आहे का हेही विचारा, कुणी परांचीवरून पडलं तर तो प्रश्न आपल्याही दारात येतो, आणि मुळात त्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

त्याचं जुनं काम बघायला जा

ही पायरी लोक गाळतात. फोनमधले फोटो बघून समाधान मानतात, पण फोटो कुणाचेही असू शकतात आणि फोटोत ओल दिसत नाही. दोन जुनी कामं आणि एक चालू साइट बघायला मागा.

जुन्या कामाला निदान वर्ष झालेलं हवं. तिथे गेल्यावर बाथरूममध्ये एक तांब्या पाणी ओता आणि बघा सगळं जाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं, उतार साधारण दर मीटरला १० ते १२ मिलीमीटर असला की पाणी थांबत नाही. टाइल्सवर नाण्याने टकटक करा, भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ वाजली तर खाली मसाला नीट भरलेला नाही. मग घरमालकाशी बोला, कॉन्ट्रॅक्टर समोर नसताना. काम ठरलेल्या वेळेत झालं का, पैसे शेवटी किती वाढले आणि का, आणि भांडण झालं तर कशावरून झालं. भांडण झालंच नाही असं क्वचितच असतं, ते मिटलं कसं त्यावरून माणूस कळतो.

चालू साइट बघितली की अर्ध्याहून जास्त गोष्टी कळतात. सिमेंटच्या गोणी जमिनीला न टेकवता फळीवर ठेवल्यात का, वायरी उघड्या लोंबकळतात का, माणसं मास्क न लावता टाइल्स कापतायत का, राडारोडा कुठे पडलाय. दुसऱ्याच्या घरात जसं चाललंय तसंच तुमच्याही घरात चालणार.

कोटेशन वाचायचं कसं

तिघांकडून लेखी घ्या. उक्तं काम, म्हणजे सगळ्याचा मिळून एक आकडा, हे ऐकायला सोपं असतं पण त्यात काय धरलंय काय नाही ते कळत नाही, म्हणून आकडा एकच असला तरी त्याची फोड मागा: तोडणं, राडारोडा हलवणं, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स बसवणं, फिटिंग, रंग, प्रत्येकाचं माप आणि दर. माल त्याचा की आपला, त्याचा असेल तर कुठल्या कंपनीचा, कुठला प्रकार, किती कोट. "चांगल्या क्वालिटीचा पाइप" असं लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

मोजायची पद्धतही लिहून घ्या. रंगात दारं-खिडक्या वजा करणार का? टाइल्समध्ये कापून वाया जाणारा भाग कोण धरणार? यावरून बिलाच्या वेळी मोठा फरक पडतो आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. न दिसणारे खर्च पण विचारा, माल वर चढवणं, राडारोडा घेऊन जाणारी गाडी, परांची, फर्निचर झाकायचं प्लास्टिक, कामानंतरची साफसफाई.

तिघांत एक आकडा फारच खाली आला तर लगेच खूशही होऊ नका आणि लगेच नाहीही म्हणू नका, तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि बघा त्याने काय सोडलंय. मला एकदा असंच आलं होतं आणि नीट वाचल्यावर दिसलं की त्यात वॉटरप्रूफिंग धरलंच नव्हतं, विचारल्यावर म्हणाला की ते एक्स्ट्रा. तिन्ही सारखं धरून तरीही एकजण खूप स्वस्त असेल तर मग कशात कमी करणार ते सरळ विचारा. उत्तर देता आलं तर ठीक, कधी कधी खरंच त्याची टोळी जवळच काम करत असते.

घासाघीस करायची तर कामाच्या व्याप्तीवर करा, दरावर फार ताणू नका. न परवडणाऱ्या दरात हो म्हणालेला माणूस तो पैसा कुठून तरी भरून काढणार, आणि जे झाकलं जातं तिथूनच भरून काढणं सोपं असतं.

लिहून घ्या

साध्या भाषेत दोन पानं पुरतात. दोघांची नावं-पत्ते, कामाची यादी, माल, दर, सुरू आणि संपायची तारीख, पैशांचे टप्पे, काम बिघडलं तर किती महिने तो येऊन फुकट दुरुस्त करून देणार, आणि दोन वाक्यं जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहेत. एक, जादा काम आधी लेखी विचारून आणि दर ठरवूनच करायचं, मेसेजवर हो म्हटलं तरी चालेल. दोन, कुठलंही काम झाकायच्या आधी घरमालकाला एक दिवस आधी कळवायचं आणि बघून झाल्यावरच पुढे जायचं. हे दुसरं वाक्य वाचून दाखवलं की समोरच्याचा चेहरा बघा. ज्याला नीट काम करायचंय तो लगेच "हो हो, बघाच" म्हणतो. एकजण माझ्याकडे "मग रोज काम थांबेल, असं नाही जमत" म्हणून उठला, आणि मी त्याला थांबवलं नाही.

पैसे

सगळे पैसे आधी कधीच नाही. उचल १० ते २० टक्क्यांच्या आत ठेवा, मोठा माल मागवायचा असेल तर मालाचे पैसे दुकानात तुम्ही स्वतः द्या आणि बिल तुमच्या नावावर घ्या. बाकीचे हप्ते तारखांना बांधू नका, कामाच्या टप्प्यांना बांधा: तोडून झालं, पाइप टाकून टेस्ट झाली, वॉटरप्रूफिंगची टेस्ट पास झाली, टाइल्स झाल्या. ५ ते १० टक्के शेवटी राखून ठेवा आणि ते किती दिवसांनी देणार ते आधीच सांगा, नाहीतर त्याला वाटतं तुम्ही बुडवताय. प्रत्येक वेळी पावती, रोख दिलेत तरी सही घ्या.

आणि दुसरी बाजू पण आहे. टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. त्याला मजुरांना आठवड्याला पैसे द्यायचे असतात, आपण चार दिवस लावले की त्याची माणसं दुसऱ्या साइटवर जातात आणि मग आपण म्हणतो कॉन्ट्रॅक्टर पळाला. चांगल्या कारागिरांना कामाची कमी नसते, तेही घरमालक निवडून घेतात.

काम चालू झालं: झाकायच्या आधी काय काय बघायचं

इथे माणूस चांगला निवडलाय का ते खरं कळतं. रोज तासभर उभं राहायची गरज नाही, पण या वेळा चुकवू नका.

पाइप टाकल्यावर, झिरी बुजवायच्या आधी: लाइनमध्ये पंपाने प्रेशर भरून गेज लावतात आणि ठेवून देतात, काटा खाली आला तर कुठेतरी गळतंय. सगळे जॉइंट कोरडे आहेत का हात लावून बघा. ड्रेनेजच्या पाइपात पाणी सोडून बघा, उतार उलटा तर नाही ना.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्सच्या आधी: हे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं काम. कोटिंग नुसतं जमिनीवर नको, भिंतीवरही निदान १५० मिलीमीटर चढलेलं हवं आणि शॉवरच्या बाजूला माणसाच्या उंचीइतकं. कोपरे आणि पाइप जिथून बाहेर येतात त्या जागा नीट बघा, गळती तिथूनच सुरू होते. कोट पूर्ण वाळल्यावर नहाणी ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं, २४ ते ४८ तास, भिंतीवर पाण्याच्या पातळीला खूण करून. खाली कुणी राहत असेल तर त्यांच्या छताकडे बघून या. पातळी थोडी हवेने उतरते, पण खाली ओल दिसली तर टाइल्स नाही लावायच्या, कितीही घाई असली तरी.

वायरिंग: साधारणपणे दिव्यांना १.५, सॉकेटला २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिलीमीटरची वायर वापरतात, वायरवर आकडा छापलेला असतो तो वाचा, तुमच्या लोडप्रमाणे इलेक्ट्रिशियन जास्त सांगेल तर कारण विचारा. अर्थिंग प्रत्येक सॉकेटला आहे का बघा. माणसाला शॉक लागू नये म्हणून बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते स्वतः बघा.

प्लास्टर: सिमेंटच्या गोणीवर तारीख असते, तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर घेऊ नका, ओल लागून त्याची ताकद कमी होत जाते. मिसळलेल्या मालात नंतर परत पाणी घालून ढवळत असतील तर थांबवा. आणि प्लास्टरवर निदान ७ दिवस पाणी मारलं गेलं पाहिजे, हे काम कुणाचं ते आधीच ठरवा कारण कॉन्ट्रॅक्टरला वाटतं घरमालक मारेल आणि घरमालकाला वाटतं तो मारेल, आणि भिंत तडकते. नवीन प्लास्टरला वाळायला साधारण चार आठवडे द्या, मग रंग. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पोपडे धरतोच.

घर जुनं असेल तर अजून एक सांगायचंय. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासला की धूळ उडते आणि ती लहान मुलांना फार घातक असते. जुने पन्हाळीचे पत्रे किंवा पाइप ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ते फोडायचे किंवा कापायचे नाहीत. रंग ओला करून घासायचा, खोली बंद करायची, मुलांना त्या दिवसांत घरात ठेवायचं नाही, आणि ॲस्बेस्टॉस असेल तर ते काढायचं शिक्षण घेतलेल्या माणसांनाच बोलवायचं. कॉन्ट्रॅक्टरने हा विषय स्वतःहून काढला तर तो माणूस जपून ठेवा.

मध्येच अडलं तर

काम रेंगाळलं, माणसं येईनात, तर आधी फोन, मग लेखी मेसेज, त्यात तारीख देऊन. तरी नाही आला तर दुसऱ्याला बोलवायच्या आधी झालेल्या कामाचे फोटो काढा, मोजमाप लिहा, पडलेल्या मालाची यादी करा. दुसऱ्याने हात लावल्यावर पहिल्याने काय केलं होतं ते सिद्ध करता येत नाही, आणि दुसरा माणूस पहिल्याच्या कामाची जबाबदारी घेत नाही. चूक दिसली तर मजुरांवर ओरडू नका, जो जबाबदार आहे त्याला जागेवर बोलावून दाखवा, आणि शक्यतो झाकायच्या आधी दाखवा, तेव्हा सुधारायला त्यालाही कमी खर्च येतो म्हणून तो पटकन ऐकतो.

नवीन माणसाकडे पहिलंच मोठं काम द्यायला भीती वाटत असेल तर आधी छोटं काम द्या, एक नळ, एका भिंतीचं प्लास्टर. वेळेवर येतो का, जाताना जागा झाडतो का, न विचारता पैसे वाढवतो का, हे छोट्या कामातही कळतं.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी

दिवसाउजेडी सगळ्या घरातून फिरा, प्रत्येक नळ उघडा, प्रत्येक बटण दाबा, दारं-खिडक्या उघडून बंद करा, टाइल्सवर नाणं वाजवा, राहिलेल्या गोष्टींची यादी करून त्यावर दोघांनी सही करा. यादी पूर्ण झाली की राखलेल्यातला ठरलेला भाग द्या, उरलेला ठरल्या तारखेला. मालाची बिलं, वॉरंटी कार्डं आणि उरलेल्या चार-सहा टाइल्स मागून घ्या, पुढे एखादी फुटली तर तोच रंग मिळत नाही.

आणि झाकायच्या आधी काढलेले फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. फोटो काढताना भिंतीला टेप लावून काढा, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते फोटोतच दिसतं. आमच्या तिसऱ्या माणसाने मला हे शिकवलं, त्याने स्वतः टेप धरली आणि मी फोटो काढले. दोन वर्षांनी बाथरूममध्ये कपाट लावायला सुतार आला, त्याने ड्रिल काढलं, मी फोन काढून फोटो दाखवला, आणि त्याने भोक चार इंच डावीकडे घेतलं.